जिभेखाली तीन थेंब

पडदे शिवणाऱ्या ताईंची बोटं कॅन्सरच्या औषधांनी कामातून गेली. गाठ गेली, पण बोटांत मुंग्या आणि जळजळ मागे राहिली. कात्री धरली की निखारा धरल्यासारखं व्हायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक छोटी बाटली लिहून दिली, जिभेखाली तीन थेंब. हे कशापासून करतात, असं ताईंनी विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहराच उतरला.

"गांजा म्हणायचं नाही, आई," घरी येताना सून म्हणाली. "औषध म्हणायचं."

ताईंना गांजा ठाऊक होता तो एकाच कारणाने. धाकट्या भावाला, बारक्याला, वडिलांनी त्यापायी घराबाहेर काढलं होतं. बारक्या नाटकांचे सेट उभारणारा सुतार. वडील गेल्यावरही तो लग्नकार्यापुरताच तोंड दाखवायचा.

पहिल्या दिवशी थेंब घेतले आणि तासाभरात ताईंची छाती धडधडायला लागली. खिडकीखालून जाणारा प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय, असं वाटू लागलं. शेजारीण वाटी परत करायला आली, तर ताई न्हाणीघरात कडी लावून बसल्या. सुनेने घाबरून फोन लावला. मात्रा अगदीच कमी आहे, बाकीच्यांना नुसती झोप लागते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग ताईंनीच भावाला फोन करून थेंबांचं सांगितलं.

"बारक्या, तुम्ही लोक तर म्हणे ते ओढून हसायचात."

"उद्या दुपारी येतो," तो म्हणाला.

तो आला, शिवणाच्या टेबलाशी बसला. ताईंनी थेंब घेतले, त्याने नुसता चहा.

"तू नाही घेत?"

"सोडून जमाना झाला, ताई. पहिल्यांदा मीही गळपटलो होतो. मेलोच म्हटलं. आमचा रंगारी शेजारी येऊन बसला. म्हणाला, घाबरू नकोस, असंच होतं, पाणी पी. मग कोणीतरी हसलं, तसे सगळेच हसले. मीही हसलो. कशाला, ते देवाला ठाऊक. तोच गांजा पुढे एका लग्नघरी ओढला, आजूबाजूला सगळी मोठी माणसं, तर मला दरदरून घाम फुटला."

ताईंची छाती धडधडायला लागली, तसं त्याने पाणी पुढे केलं. "धडधडू दे," म्हणाला. मग त्याने एका प्रयोगात राजावर महालाची भिंत पडल्याची हकिगत सांगितली. राजा खिडकीतून डोकं काढून आपलं भाषण तसंच म्हणत राहिला. ताई हसल्या. हसू आवरेना. बोटं जळत होती, पण दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "बाबांनी काढलं, त्या दिवशी किती ओढला होतास?"

"त्या दिवशी? काहीच नाही. दोन दिवस प्लायवूड कापत होतो, डोळ्यांत भुसा गेला होता. बाबा म्हणाले, बघा याचे डोळे. मग सगळ्यांना ते तसेच दिसले."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तू म्हणालीस, जीभ कशी अडखळतेय बघा."

बारक्याने उठून कप विसळला.

आठवडाभर तो रोज दुपारी येत राहिला. पुढे ताई एकट्याच थेंब घेऊ लागल्या, आणि त्यांनाही नुसती झोप लागू लागली.