नंबर तोच राहील

“नंबर तोच राहील ना?” जयमालाने तिसऱ्यांदा विचारलं.

“काकू, तोच राहतो. फक्त कंपनी बदलते.” काउंटरमागची निशिगंधा हसली. “प्लॅन कुठला टाकू? अठ्ठावीस दिवसांचा की चौऱ्याऐंशी? रोजचा दीड जीबीवाला बेस्ट आहे.”

“नेट नको गं मला. फोन आला की वाजला पाहिजे, बस.”

सीवूड्सच्या त्या दुकानात असं मागणारं गिऱ्हाईक क्वचितच येत असावं. निशिगंधाने मान वर करून पाहिलं. जयमालाने कारण सांगितलं नाही. सांगायचं तर सुधीरपासून सुरुवात करावी लागली असती.

सुधीर तिचा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना त्याचं डोकं बिघडलं, ते पुरतं सावरलंच नाही. आता बावन्न वर्षांचा झाला होता. औषध सुरू असलं की तिच्या नेरूळच्या शिवणाच्या गाळ्यात बसून मुकाट्याने ब्लाउजांना हुक लावायचा. वर्षातून तीन-चारदा मात्र काहीतरी बिनसायचं आणि तो उठून चालायला लागायचा. वाट फुटेल तिकडे. गावाचं नाव विसरायचा, जेवायचं विसरायचा, एकदा तर स्वतःचं आडनावही विसरला होता. बहिणीचा नंबर तेवढा विसरला नाही. दोन-तीन दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरून त्याचा आवाज यायचा, “माला, ये ना न्यायला.” मशीनवरचं कापड तसंच टाकून ती निघायची. खोपोली, कल्याण, एकदा थेट नाशिक.

गाळ्यासमोर मोठी इमारत उभी राहिली आणि आतली रेंज गेली. मागच्या खेपेला तो पनवेलच्या एसटी स्टँडवर दोन दिवस बसून होता, फोनच लागत नव्हता म्हणून. कंपनी बदलायची ती त्याच्यासाठीच.

“गुरुवारी जुन्या सिमचं नेटवर्क जाईल, मग हे घाला,” निशिगंधा म्हणाली. “एक-दोन तास बंद राहील. टेन्शन नाही घ्यायचं.”

मंगळवारी दुपारी जयमाला मापं घेत असताना सुधीर उठला आणि गेला. संध्याकाळपर्यंत तिने सगळं नेरूळ पालथं घातलं, पोलिसांत तक्रार दिली आणि तिथून तडक दुकानात आली.

“ते पोर्टिंग थांबव. आत्ताच्या आत्ता.”

“आता नाही थांबत काकू, रिक्वेस्ट पुढे गेली. काय झालं?”

या वेळी तिने सांगितलं. निशिगंधाचा चेहरा उतरला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता जुनं सिम बंद पडलं. तिने नवं घातलं. दोन तास गेले, चार गेले. दुकानातल्या स्टुलावर ती फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. निशिगंधा वरच्या लोकांना फोन लावत होती आणि दर वेळी तेच उत्तर ऐकत होती, प्रोसेस चालू आहे. सव्वापाचला स्क्रीनवर नेटवर्कच्या दांड्या उमटल्या. दहा मिनिटांत फोन वाजला.

“तुमी माला का? मी उरनवरना बोलतंय. मावरं इकतंय मी. सकालपासना लावतंय तुमाला.”

उरणच्या मासळी बाजारात फोन करणारी उज्वला रिकाम्या पाट्यांशेजारी तिची वाट बघत उभी होती.

“पाच येला लावला मी. फोनातली बाई बोलं, ह्यो नंबर हायेच नाय. मी बोललू, दादा, चुकतंय तुजा नंबर. तो बोलला, नाय, माज्या बहिनीचा हाय.”

“मग?”

“मंग सोता कानाला लावला. आयकला. फोन माज्या हातान दिला नि बोलला, माला पन गेली.” उज्वलाने पदराने तोंड पुसलं. “मी चाय आनाला गेली त्याला. आली तं मानूस नाय.”

आई गेली तेव्हा जयमालानेच त्याला समजावलं होतं, आई गेली, आता मी आहे.

शुक्रवारचा दिवस दोघींनी जेटी, देऊळ, बस स्टँड असा पायी काढला. शनिवारी सकाळी पोलिसांचा फोन आला, पहिल्या रिंगलाच तिने उचलला. ओहोटीला खाडीकाठच्या तिवरांच्या चिखलात एक माणूस सापडला होता. पाय घसरला की स्वतःहून आत गेला, हे कुणालाच सांगता येईना.

सरकारी दवाखान्यात चादर बाजूला झाली. जयमालाने मान हलवली.

“नातं?” हवालदाराने विचारलं.

“बहीण.”

तो लिहायला बाहेर गेला. सुधीरच्या पायांवरचा चिखल वाळून राखाडी झाला होता. ती कर्मचाऱ्याला म्हणाली, “जरा पाणी मिळेल?”

“मावशी, नंतर धुतात आमची लोकं.”

“माहीत आहे.”

त्याने नळाकडे बोट दाखवलं. उज्वलाने तांब्या भरून आणला आणि बेताबेताने धार धरली. जयमालाने पदर खोचला, भावाची टाच तळहातावर घेतली आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखल एकेक करून काढू लागली.