विलायतेचा चांगला मोसम

पोशीचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट. पोशी माझी थोरली बहीण. वैशाखात ती मोखाड्याकडे नांदायला गेली आणि मांडवाचे डहाळे अजून दारात पडून होते, तोच बंगल्यावरचा भिका शिपाई आमच्या पाड्यावर येऊन उभा राहिला.

"ढवळू, चल. साहेबांनी बोलावलंय. पोरालाही घे."

तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं. ते साल १९१२ होतं, हे मला फार उशिरा कळलं, अक्षरं आल्यावर. माझा बाप ढवळू डोलीचा पुढचा खांदा होता. वाट पायांनी चाचपायची आणि मागच्यांना हाक द्यायची, हे पुढच्याचं काम. मी अठरा-एकोणीस वर्षांचा, त्याच्या मागे चालायचो. आमचा पाडा दाभोस्याच्या अंगाला, सहा घरांचा. बंगलेवाले साहेब म्हणजे मुंबईचे मोठे वकील. हवेसाठी त्यांनी जव्हारला बंगला बांधला होता. मोठ्या लोकांत त्यांची ऊठबस होती, म्हणून त्यांचं बोलावणं आलं की ती वेठच. त्यांचं नाव मला लिहिता येतं. लिहीत नाही.

साहेब आणि बाईसाहेब पडवीत वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. आम्ही पाड्यातले सहा जण, बाप आणि मी धरून, अंगणात उकिडवे. विलायतेला कधी जावं, याचं बोलणं चाललं होतं. बाईसाहेबांच्या मते फुलं बघायची तर वैशाखातच निघायला हवं. साहेबांना तिथला लांब दिवस आवडायचा, म्हणे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. बोलता बोलता साहेबांना गंमत सुचली.

"काय रे ढवळू, तू सांग. विलायतेला कोणत्या दिवसांत जावं?"

पाहुणे आलेले होते, ते आधीच हसायला लागले. बापाने मात्र नीट विचार केला. त्याला कुणी असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"कापणी सरल्यावर जावं, साहेब. माघात. ज्याचे घरी जायाचं त्याची कणगी भरेल असावी. भुकेचे महिन्यात पाहुणा गेला तं घरवालीचा जीव खाली-वर व्हतो."

पडवीभर हशा पिकला. बाईसाहेबांनी पदर तोंडाला लावला.

"अरे, माघात तिथे बर्फ पडतो! आणि तिकडे भुकेचा महिना नसतो."

"नसतो?" बापाने विचारलं. "मंग चांगला देश हाय."

पुन्हा हशा. बापही थोडा हसला. मग त्याने हळूच मनातलं काढलं. "येताना तरी दिवाळी सरल्यावर या, साहेब. आमचं नवं व्हायचं असतं."

नवं म्हणजे काय, हे सांगायला हवं. श्रावण-भादव्यात आमच्या घरातलं जुनं धान्य संपतं. मग कंद, पाला, पेजेचं पाणी. आश्विनात लवकर येणारं हळवं भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकते, पण पिकली म्हणून खायची नाही. घरच्या कर्त्याने पहिला घास देवाला आणि मेलेल्या वाडवडिलांना दाखवायचा, मग घराने तोंडात घालायचं. त्याआधी कुणी दाणा चावत नाही, पोरंही नाही.

"दिवाळीपर्यंत? छे," साहेब म्हणाले. "तोवर तिकडे धुकं पडतं, हिचा घसा धरतो. कोजागरीला डोल्या घेऊन डहाणूच्या स्टेशनावर हजर राहायचं. भिका, लक्षात ठेव."

अशा रीतीने मोसम ठरला.

कोजागरीच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो तेव्हा नागलीचा दाणा दुधात होता. आई दारात उभी होती. माझ्या आईचं नाव काळी. तिच्या गळ्याची हाडं त्या दिवसांत दोरीसारखी दिसायची, कारण ती आधी सगळ्यांना वाढायची आणि मडकं खरवडल्याचा आवाज करायची. आम्हाला वाटायचं, तीही जेवतेय.

"कव्हां येशाल?" तिने विचारलं.

"पाच दिवसांत आलोच," बाप म्हणाला. "तोवर दाणा भरंल. आल्याबरोबर नवं करू."

कोजागरीला आम्ही स्टेशनावर होतो. गाडी आली, साहेब आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. सहा माणसं, दोन रिकाम्या डोल्या आणि भिका. बरोबर आणलेले उकडलेले कंद चौथ्या दिवशी संपले. बाप आल्या-गेल्याला विचारायचा, बोट आली का.

"बोट म्हंजे तुझी बैलगाडी हाय का रे?" भिका खेकसायचा. "दर्या हाय तो. येईल तव्हां येईल."

"आमाला जाऊ दे, शिपाईदादा. परत येऊ."

"जा की. नी साहेब उतरले नी डोली नाय दिसली तं पाठ कोणाची फुटंल? तुझी नी माझी."

भिका वाईट नव्हता. त्याच्याकडच्या भाकरीतला तुकडा तो आम्हाला द्यायचा. पण त्याचीही पाठ एकच होती.

सहाव्या दिवशी मी बापाला म्हटलं, "बा, आता दाणा भरला असंल. मी पळत जातो. मी नवं करतो."

बापाने मान हलवली. "बाप जिता असताना पोऱ्यानं नवं केलं तं बापाला मेला धरला म्हंजे. तुझी आय खाईल ते?"

मी गेलो नाही. आजही त्या न जाण्याचा मला राग येतो. पण तो राग मी एकट्या माझ्यावर ठेवणार नाही.

नवव्या दिवशी सकाळी बापच उठून माझ्याजवळ आला. त्याचे ओठ फाटले होते. "माघ्या, जा. मला मेला धर नी दाखव घास. आयला सांग, मी सांगितलंय."

मी निघालो. कोसभर गेलो असेन, मागून भिकाची आरोळी आली. गाडी आली होती. डोली दोन खांद्यांची, दोन डोल्यांना चार माणसं लागत आणि बदलीला आम्ही दोघंच जास्तीचे. मला परत नेलं.

साहेब छान दिसत होते. गाल भरले होते. बापाने हात जोडले. "बोट लई उशिरा आली, साहेब?"

"बोट? बोट तर पौर्णिमेच्या आधीच लागली. मुंबईत राहिलो दहा दिवस. म्हटलं, जव्हारला अजून ओल असेल, बाईसाहेबांना सोसायची नाही. आता कसं कोरडं झालंय बघ. हा दिवस बरोबर निवडला."

बापाचे हात तसेच जोडलेले राहिले. "निरोप नाय धाडला, साहेब."

"कुणाला?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी चिडून विचारलं नाही. त्यांना खरंच कळलं नव्हतं, निरोप कुणाला धाडायचा असतो ते. त्यांनी शिवी दिली असती तर मी एवढी वर्षं ती उरात धरून बसलो नसतो.

डोली उचलली. दोन दिवस साहेब वरून बोलत होते, तिथली हिरवळ, तिथली बाग, दुपारचं सौम्य ऊन. एका चढावर ते म्हणाले, "ढवळू, तुझं ऐकून माघात गेलो असतो तर गारठून मेलो असतो रे!" बाप पुढे होता. त्याने फक्त हाक दिली, "डावीकडं दगड, सांभाळा." आम्ही मागच्यांनी डोली सांभाळली. एकदाही हिसका बसू दिला नाही.

बंगल्यावर डोल्या टेकवून आम्ही पाड्याकडे पळालो. नागली पिकून वाकली होती. बांधापासून दिसत होती, लालसर, दाट, न कापलेली. दारात पोशी बसली होती. तिला बघूनच बाप थांबला.

"परवा," पोशी म्हणाली. "मला सांगावा आला तव्हां बोलत व्हती. म्या नागली खुडली, पेज केली, म्हटलं, आय, देव काय म्हणायचा ते मला म्हणंल, तू पी. तोंड मिटून घेतलं तिनं. म्हणाली, तो जिता हाय. येईल."

बाप आत गेला नाही. सरळ शेतात गेला, मूठभर कणसं खुडली, दाणे चोळले. देवाला दाखवले, वाडवडिलांना दाखवले. मग आणखी एक घास पानावर वेगळा काढला आणि तिचं नाव घेतलं. तिला वाडवडिलांत बसवलं. पाड्यातल्या ज्या घरांचे कर्ते आमच्याबरोबर डोलीला होते, त्यांनीही मग आपापलं नवं केलं आणि त्या दिवशी पोरं जेवली.

बाप पुढे एकोणीस वर्षं जगला आणि थकेपर्यंत डोली उचलत राहिला. दुसरा मार्ग नव्हता. मी म्हातारपणी वाचायला शिकलो, तेव्हा आमच्या पाड्याचं जुनं मरणाचं दप्तर बघायला मागितलं. बोट फिरवत फिरवत ती ओळ सापडली. तिथे कारण लिहिलंय, ताप.

ताप नव्हता. माझी आई काळी, ढवळूची बायको, १९१२ साली आश्विन वद्य अष्टमीला सकाळी भुकेने मेली.