डाव्या बाहीचा कच्चा टाका

पाशाभाईंनी घमेल्यात डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला! सुंदरराव, ही अक्कल कुणी चालवली हो?"

घमेल्यात नगरपालिकेच्या अग्निशमन दलाचे सगळे जुने बिल्ले होते. पितळी तारे, टोपीवरची चिन्हं, बाहीवरच्या लाल फिती. पितळ चिंच लावून लखलखीत घासलेलं, फिती धुऊन वाळवलेल्या. शेजारी टेबलावर इतकी वर्षं कोठीच्या पेटीत बंद असलेले अकरा जुने खाकी कोट, इस्त्री केलेले आणि पार बोडके. उद्या केंद्रात प्रदर्शन, मोठे साहेब येणार, म्हणून हेडक्लार्क सुंदररावांनी सगळं उसवून एकत्र साफ करायला दिलं होतं. आता कुठला बिल्ला कुठल्या कोटाचा, ते सांगायला चाळीस वर्षं दलाचे गणवेश शिवलेल्या पाशाभाईंना रिक्षा धाडून आणलं होतं.

"पितळ लई काळं पडलं होतं, पाशाभाई."

"मग कोटावरच घासायचं! उसवलं कावून? लग्नातल्या वऱ्हाडाच्या चपला एका पोत्यात भराव्यात, तसं करून ठेवलंय."

"तुमाला माहिती असतंय की सगळं."

"मला माहिती असतंय म्हणून तुमी काय बी कराल व्हय?"

भिंतीकडच्या बाकावर विमलबाई सकाळपासून बसून होती. तिचा नवरा गहिनीनाथ या दलातच होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मांजरसुंब्याजवळच्या एका विहिरीत दोन मजुरांना काढायला तो उतरला आणि आतल्या वायूनं तिथंच गेला. उद्या त्याच्या नावाची पाटी लागणार होती. तो गेला त्याच दिवशी सकाळी साहेबांनी त्याला लिडिंग फायरमन केल्याचं सांगितलं होतं, असं विमलबाई म्हणायची. लेखी हुकूम निघालाच नाही. रजिस्टरात तो साधा फायरमन राहिला आणि विमलबाईला प्रत्येक साहेब 'बघू' म्हणत गेला. या वेळी सुंदररावांनी एवढं कबूल केलं होतं की कोटाच्या बाह्यांवर लिडिंग फायरमनच्या दोन-दोन लाल फितींची खूण निघाली तर पाटीवर तसं लिहू. पेंटर बाहेर चहा पीत बसला होता.

पाशाभाई चष्मा पुसून कामाला लागले. उन्हानं खाकी विटते, पण बिल्ल्याखालची तेवढी गडद राहते. त्या डागावरून आणि सुईच्या भोकांवरून ते एकेक जागा ओळखत होते, आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "हा स्टेशन ऑफिसरचा. ह्याच्या खांद्यावरचे तारे कुठायत? आणि हे टोपीचं चिन्ह कोटाच्या ढिगात कुणी टाकलं बे? अरे, टोपी आन् कोट वेगळं असतंय, एवढं तरी कळतंय का न्हाई तुमाला!"

शेवटचा कोट गहिनीनाथचा निघाला. कॉलरच्या आत शाईनं नाव होतं. सुंदररावांनी दोन्ही बाह्या उजेडात धरल्या.

"कुठं गडद डाग न्हाई. म्हंजे फिती नव्हत्याच. पेंटरला बोलावतो."

विमलबाई उठून उभी राहिली.

"थांबा की! आग लागलीय का कुठं?" त्यांनी कोट हिसकावून खिडकीपाशी नेला. उजव्या बाहीवर मशीनची बारीक भोकं, दोन फितींच्या मापाची. डाव्या बाहीवर मात्र लांब लांब भोकं, आणि एका भोकात पांढरा दोरा अडकलेला. कच्चा टाका. त्यांच्याच हातचा.

पाशाभाईंनी तो दोरा नखानं वर ओढून सुंदररावांपुढं धरला.

"डाग कुठून पडंल, सुंदरराव? ऊन लागायला दिवस तरी लागतेत. ह्या फिती अर्धाच दिवस होत्या अंगावर." त्यांचा आवाज चढला. "त्या दिवशी हा माझ्या दुकानात बनियनवर बसला होता. म्हणला, पाशाभाई, लौकर लावा, घरी दाखवायच्यात. मी म्हणलं, आधी च्या पिऊ. च्या पीत बसलो मी! एक बाही झाली, दुसरी नुसती टाचली, तेवढ्यात भोंगा झाला. कोट अंगात घालून पळाला. म्हणला, उरलेलं उद्या पक्कं करा."

विहिरीत उतरताना त्यानं कोट काठावर काढून ठेवला होता, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं.

"पण कागद..." सुंदरराव म्हणाले.

"कागद मी देतो! कुठं सही करू, अंगठा देऊ का, सांगा. लिडिंग फायरमन लिव्हा. अन् त्या घमेल्यातल्या चार फिती इकडं द्या."

सुंदररावांनी फिती दिल्या, कोरा कागद पुढं सरकवला आणि बाहेर जाऊन पेंटरला हाक मारली.

"भाभी," पाशाभाई मान खाली घालून म्हणाले, "मला कुणी इचारलंच न्हाई. आन् मी बी कधी तुमच्याकडं आलो न्हाई."

"पक्कं करा आता, भाऊ," विमलबाई म्हणाली.

त्यांनी सुई घेतली. दोरा नेढ्यात जाईना. एकदा, दोनदा, तीनदा.

"सुईसुद्धा धड देता येत न्हाई ह्या हापिसाला!" ते ओरडले.

विमलबाईनं त्यांच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.