बरकतीचा पेला

कॉफीचा एक दाणा काही केल्या फुटेना. तव्यातले बाकीचे तडतडून तपकिरी झाले, त्यांची सालं शेगडीभोवती उडाली, आणि हा मात्र फिकट, निगरगट्ट, अस्कालेच्या डोळ्याला डोळा भिडवून बसलेला... तिनं तो चिमटीत धरला आणि निखाऱ्यात टाकला. जळ मेल्या.

बाकीच्या शेजारणी जमल्या होत्या, बिझुनेश अजून आली नव्हती. येईल, न येऊन जाते कुठे? जिम्मा गावात शेजारणीनं कॉफीला हाक मारल्यावर कुणी घरी बसत नाही. त्यातून बसस्टँडजवळ कॉफीचा ठेला चालवणारी बाई दुसरीचा तवा हुंगायला आली नाही तर नवल – हुंगणं हेच तर तिचं भांडवल. वर्षानुवर्षं याच खोलीत, याच बुटक्या बाकावर बसून तिनं हुंगलं होतं. पूर्वेकडून येणारा हरारचा दाणा आपल्या जिम्माच्या दाण्यात किती मिसळायचा, कधी उतरवायचा, हे अस्काले चुकतमाकत, तवेच्या तवे जाळत शोधत होती – नवरा गेल्यावर त्या रिकाम्या घरात तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं – आणि ही बया नुसती बघत होती. मग एक दिवस ठेला निघाला. आयत्या पिठावर रेघोट्या! आणि मग अस्कालेच्याच घरी, अस्कालेच्याच हातचा पेला ओठाला लावून कुणीतरी म्हणालं, "अगं, अगदी बिझुनेशच्या कॉफीसारखी जमलीय तुला!" माझी कॉफी. मला जमलीय म्हणे... तो घोट अजून तिच्या घशातून खाली उतरला नव्हता.

म्हणून तर महिनाभर हा चोरटा उद्योग. खिडक्या बंद, फटीत चिंध्या, एकटीनं भाजायची नि एकटीनं प्यायची – या गावात याहून मोठी लाज नाही – आणि वरून गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, एमामा त्सिगेनं, दारावर काठी आपटून विचारावं, "पोरी, तुझा धूर दिसत नाही, बरी आहेस ना?" बरी कुठली... पण सापडलं शेवटी. दोन्ही दाणे एका तव्यात भाजायचेच नाहीत! हरारचा वेगळा, काळपट होईस्तोवर. जिम्माचा वेगळा, हलका. आणि मग खलात दोघांचं लग्न लावायचं. हरारचा तिनं सकाळीच दार लावून भाजला होता, खलात झाकून ठेवला होता. बघ म्हणावं आता, किती बघतेस ते.

पण खरा सूड तिसऱ्या पेल्याला. रीतीप्रमाणे पेले तीन: पहिले दोन सगळ्यांना; तिसरा, बरकतीचा, ओतायच्या वेळी बिझुनेशचा पेला पालथा घालायचा. चारचौघींत. तोंडातून शब्द काढायचा नाही. तुला माझी बरकत नाही – एवढं समजायला शब्द कशाला लागतात? गल्ली जन्मभर विसरणार नाही.

बिझुनेश आली, कॉफीच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर पसरलेल्या ओल्या गवतावर चपला काढून नेहमीच्या बाकावर बसली. तवा फिरला, प्रत्येकीनं हातानं धूर आपल्याकडे ओढून घेतला, लाह्यांची टोपली फिरली, जेबेनातून, मातीच्या त्या लांब मानेच्या सुरईतून, पहिला पेला उतरला.

"वा!" एमामा त्सिगेनं ओठ पुसले. "अगदी बिझुनेशसारखी! शिकलीस हो शेवटी."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. अस्कालेच्या कानशिलात जाळ उठला. महिनाभर जीव आटवला तो याच्यासाठी? यांना जिभा आहेत की चामड्याचे तुकडे? तिनं दातओठ खात बिझुनेशकडे पाहिलं. बिझुनेश मान डोलावत नव्हती. डोळे मिटून, पेला नाकाशी धरून बसली होती. एक घोट, पुन्हा नाक, पुन्हा घोट. तिचा चेहरा उतरला होता.

दुसरा पेला संपला आणि ती उठलीच. "येते गं. ठेल्यावर गिऱ्हाईक खोळंबलंय."

तिसऱ्याच्या आधी! पालथा घालायला निघालेला अस्कालेचा हात हवेतच राहिला... आणि तिची जीभ, जन्मभराच्या वळणाची मेली जीभ, परस्पर बोलून गेली, "असं कसं? बरकत न घेता जातं का कुणी? बस गं!"

महिनाभर घोकलेला सूड, आणि तोंडातून काय निघालं – बस गं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

बिझुनेश बसली. मग पुढे वाकून, फक्त अस्कालेला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "यांना काय कळतंय? ही माझ्यासारखी नाही. मला सात जन्मांत जमणार नाही. काय केलंस तू, अस्कू?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"कुठं काय," अस्काले म्हणाली, "नेहमीचीच तर आहे."

"खोटं बोलतेस."

हो, बोलते. बस आता तव्यामागून तवे जाळत... किती गोड लागलं ते! पण जेबेना उचलता उचलता तिच्या ध्यानात आलं, की या खोलीत, या अख्ख्या गावात, मी काय केलंय हे ओळखणारं नाक एकच आहे, आणि ते या चोरटीचं आहे. देवा, दुसरं कुणी सापडलं नाही तुला? राग पुन्हा वर आला, पण या वेळी त्याला कुठे जायचं ते कळेना. तिनं बिझुनेशचा पेला काठोकाठ भरला, पुढे केला, आणि सोडला मात्र नाही – बिनकानाच्या त्या पेल्यावर दोघींची बोटं भाजत होती, आणि अस्काले मनातल्या मनात म्हणत होती, विचार... विचार ना, पुन्हा एकदा विचार.