सुमित्रामावशीसाठी प्रार्थना

शरयू केन्सासमधल्या त्या गावात आली तेव्हा वस्ती आठशेची होती आणि डॉक्टर एकही नव्हता. एमबीबीएस नागपूरचं, पुढचं शिक्षण शिकागोचं. अमेरिकेत राहायचं तर डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं, अशी व्हिसाची अट होती. नवरा सुशांत शिकागोजवळ नेपरव्हिलला सॉफ्टवेअरमध्ये. "बघता बघता जातील तीन वर्षं," तो म्हणाला होता.

पण तिथे बघायला काही नव्हतंच. एक रस्ता, धान्याचं उंच कोठार, चर्च, किराणा दुकान. दोन दिवस दूध नेलं नाही तर दुकानातली बाई क्लिनिकला फोन करायची, "डॉक्टर आजारी आहे का?" संध्याकाळी फिरायला निघाली की गाड्या थांबायच्या. "घरी सोडू?" ती नुसतीच चालतेय, हे कुणाला पटायचं नाही. मराठी फक्त फोनवर.

२००६च्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी तिने बॅग भरली, चावी क्लिनिकच्या टेबलावर ठेवली आणि कुणाला न सांगता गाडी काढली. दोन तास रस्ता कुठे वळलासुद्धा नाही. एका पंपावर थांबून तिने सुशांतला फोन लावला.

"मी निघालेय. घरी येतेय."

"वीकेंडला? अगं, सांगायचंस तरी!"

"कायमची."

"शरयू, चौदाच महिने राहिलेत. आत्ता सोडलंस तर व्हिसा गेला. माझं ग्रीन कार्डही तुझ्याच अर्जावर आहे."

"मग जाऊ ना परत नागपूरला."

"तिकडे जाऊन मी काय करू?"

"मी इथे काय करते, विचारलंस कधी?"

"पुढच्या शनिवारी येतो मी. नीट बोलू. प्लीज यार, मागे फीर."

गेल्या पाच महिन्यांत तो एकदाही आला नव्हता. शरयू अर्धा तास गाडीतच बसून राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मग तिने गाडी वळवली.

घराच्या पायरीवर, दुःखाच्या घरी तिथे आणून ठेवतात तशी, फॉइलने झाकलेली जेवणाची चार भांडी होती. शेजारची डोरिस, सत्तरीची निवृत्त शिक्षिका, क्लिनिकची चावी मुठीत धरून उभी होती.

"नर्सला ही टेबलावर मिळाली. आम्ही घाबरलोच. भारतात कुणी गेलं का तुमचं?"

खरं सांगायला शरयूने तोंड उघडलं. डोरिसचे डोळे पाणावले होते.

"हो," ती म्हणाली. "मावशी. सुमित्रामावशी."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सुमित्रामावशीसाठी प्रार्थना झाली. शरयूला पहिल्या बाकावर बसवलं होतं. दोन्ही बाजूंना माणसं, खांद्यावर डोरिसचा हात. मावशी त्या वेळी नागपूरला ठणठणीत होती.

पुढच्या शनिवारी सुशांतने येणं कॅन्सल केलं. ऑफिसचं काम निघालं होतं. सोमवारी क्लिनिकमध्ये अकरा पेशंट होते. खोकला, गुडघे, शुगर. आपलं दुखणं सांगण्याआधी प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला, आणि प्रत्येकाला तिने मावशी कशी होती ते सांगितलं.