औषधाने मोडणारा उपास

जो अवयव प्राण वाचवतो, त्यालाच शरीर परका का मानते, या प्रश्नाने नागपूरच्या एका रुग्णालयात संशोधन करणाऱ्या गार्गीची तीन वर्षे घेतली होती. असा नकार रोखणारे औषध रक्तात पुरेसे असूनही नवे मूत्रपिंड नाकारणारे सात रुग्ण तिने हेरले होते. त्यांच्या पेशींतच काही निराळे कारण दडले आहे, असा तिचा सिद्धांत. आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे काटोलचे रुपराव.

धाकट्या बहिणीचे, जयवंताबाईंचे मूत्रपिंड त्यांना मिळून आठ महिने झाले होते. तपासणीत औषध दर वेळी जास्तच निघे, म्हणून डॉक्टरांनी गोळी दोनदा कमी केली होती. मूत्रपिंड मात्र खचतच चालले होते.

“माह्यीच किडनी खोटी निंगाली, बाई,” भावासोबत तपासणीला आलेल्या जयवंताबाई त्या सकाळीही म्हणाल्या.

गार्गीने रक्त घेण्यासाठी वेष्टनातून सुई काढता काढता नेहमीचा प्रश्न विचारला, “काका, उपाशीपोटी ना?”

“चहाचा घोटही नाही.”

इतक्यात आठ वाजले. फोनचा गजर होताच रुपरावांनी खिशातली गोळी काढून गिळली.

“काका! रक्त देण्याआधी गोळी?”

“मंग? आठ म्हंजे आठ, असंच तं सांगतलं होतं. दर खेपेले तं यष्टीतच घेतो, आज लवकर पोचलो.”

“आणि उपाशी आहात म्हणालात!”

“औषधानं का उपास मोडते?” रुपराव दुखावले. “एकादशीलेही घेतो मी गोयी.”

गार्गीने सुई खाली ठेवली. आदल्या रात्रीच्या गोळीतले किती औषध सकाळपर्यंत टिकले, हे पाहायचे असते. इथे आठ महिने ताजी गिळलेली गोळीच मोजली जात होती. आपला उत्तम पुरावा गेला, ही जाणीव तिला क्षणभर बोचली, नाही असे नाही. पण मूत्रपिंड अजून वाचण्यासारखे होते. ती धावतच डॉक्टरांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी गोळीआधी रक्त घेतले, तेव्हा औषध निम्म्याहूनही कमी भरले. गोळी वाढवली, तीन दिवस इंजेक्शने दिली. पंधरवड्यात मूत्रपिंड सावरले.

“म्हंजे माह्या किडनीत खोट नव्हती?” जयवंताबाईंनी तीनदा विचारून घेतले आणि मग डोळ्यांना पदर लावला.

उरलेल्या सहा जणांनाही गार्गीने तोच प्रश्न, या वेळी गोळीचे नाव घेऊन, नीट विचारला. आणखी दोघे तसेच निघाले. सिद्धांत चार रुग्णांवर आला. परंतु ते चार खरे होते. चुकीच्या पायावर ग्रंथ रचण्यापासून आपण वाचलो, या कृतज्ञतेने तिने प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिली दोन नावे या भावंडांची घातली आणि पुढच्या भेटीत त्यांना वाचून दाखवली.

“माह्यं नाव काहून?” जयवंताबाई लाजल्या. “चूक तं यानं केली.”

“पण किडनी तुह्यी होती ना वं,” रुपराव म्हणाले.