भरल्या दस्तरखानावरून चाक

कपाटातले प्याले किणकिणले आणि न्याहारीची शांतता मोडली. पुलावरून खडीचा पहिला ट्रक गेला होता.

"पूर्वी प्याले वाजत नव्हते," जिपार म्हणाली.

"पूर्वी बायकोही बोलत नव्हती," एर्मेक पुटपुटला, टोपी घालून आपल्या ट्रककडे निघून गेला. तोही नदीतल्या त्याच खडीच्या खाणीवर चालक होता.

दर उन्हाळ्यात जिपार पुलाखाली गालिचे धुवायची. तीन वर्षांपूर्वी मधल्या खांबाचा पाया गोट्यांत गाडलेला होता. मागच्या वर्षी त्याच्या उघड्या कडेवर ती ओला गालिचा निथळत टाकायची. यंदा नदीचा तळ इतका खचला की त्या कडेला हात पुरेना. पुलाच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला खाणीची कंपनी पात्र उपसत होती, आणि नदी खांबाखालची खडी त्या खड्ड्यात ओढून नेत होती. वरून रोज शाळेची गाडी जायची, खिडकीशी तिची सहा वर्षांची लेक सेझिम. खांब तपासा म्हणून जिपारने रस्ते खात्याच्या कचेरीत तीनदा खेटे घातले. "कागद वर गेलाय," साहेब म्हणाले. "कागद वर आणि नदी खाली!" असं सुनावून ती परतली होती.

आज तिने सेझिमला शाळेत धाडलंच नाही, सोबत घेतलं. तंदूरमधले गरम नान, साय आणि जर्दाळूचा मुरंबा घेतला, आणि पात्रातून महामार्गावर चढणाऱ्या वाटेत आडवा दस्तरखान, पाहुण्यांना जेवू घालायची चादर, अंथरला.

तिथे आलेला पहिला ट्रक म्हाताऱ्या सामुदिनचा. करकचून थांबला.

"काय गं सूनबाई, लग्न कुणाचं?"

"पुलाचं मयत टाळायचंय, बाबा. बसा, तुकडा मोडा."

समोर नान आला की कितीही घाई असो, तुकडा मोडल्याशिवाय पुढे जायचं नाही. सामुदिन बसला. मागच्या दोन ट्रकांचे चालकही उतरले. हॉर्न ऐकून मुकादम तालान्त धावत आला.

"हे काय मांडलंय? उचल!"

"आधी चव तर घ्या, भाऊ."

घाईघाईत त्याने तुकडा तोंडात टाकला, आणि तिथेच फसला. आता तो पाहुणा झाला होता. पाहुण्याने मांडलेलं उधळायचं नसतं. सर्वांत थोराने हात पसरून दुआ दिल्याशिवाय दस्तरखान उचलायचाही नसतो.

"सामुदिनबाबा, द्या दुआ, संपवा एकदाचं!"

सामुदिनने सायीत नान बुडवला. "अजून पोट कुठं भरलंय रे? दात नाहीत, वेळ लागतो."

सगळे हसले. तालान्तचे कान लाल झाले. "मी वरून गाडी घालीन!"

"घाला की," जिपार उठून उभी राहिली. "नानावरून चाक घालणाऱ्याच्या घरी उद्या चहा कोण पितं, ते मीही बघते. पुलाचा इंजिनिअर येऊन खांब बघेपर्यंत मी इथून हलणार नाही. रोज मांडीन. पीठ भरपूर आहे."

तालान्तने शिवी गिळली आणि फोन कानाला लावला. इंजिनिअरलाच लावला की पोलिसांना, कळायला मार्ग नव्हता.

चौथा ट्रक एर्मेकचा होता. तो उतरला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. बायकोच्या नजरेला नजर न देता तो दस्तरखानाच्या कडेला टेकला आणि त्याने नानाचा तुकडा मोडला. जिपारने सायीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

आईला बिलगलेली सेझिम कधीची खाली पुलाच्या खांबाकडे बघत होती. तिथून तिने बापाच्या भरलेल्या ट्रककडे पाहिलं.

"आई, खांबाखालचे दगड आपल्या बाबांनीच नेले ना?"